आटे, दाते आणि खुणा

जुन्या जीपला साल विचारून भागत नाही. आर.सी. बुकात एक साल असतं, बॉनेट उचललं की दुसरंच समोर येतं आणि गाडीखाली पोतं अंथरून आडवं झालं की तिसरं. म्हणून प्रश्न बदलावा लागतो. हा ॲक्सल कुठल्या गाडीचा? हा गिअरबॉक्स कधीचा? हे इंजिन कोणी बसवलं, आणि तेव्हा त्याची अडचण काय होती? कारखान्याच्या दारातून बाहेर पडेपर्यंत गाडीला एक जन्मतारीख असते. त्यानंतर ती ज्यांच्या ज्यांच्या हातून गेली, त्या प्रत्येकाची तारीख तिच्या अंगावर चढत जाते.

आमच्या घरची जीप काकांनी सरकारी लिलावात घेतली. कोल्हापूरच्या पश्चिमेला, जिथून डोंगर सुरू होतात त्या भागातलं आमचं गाव. पावसाळ्याचे चार महिने बैलगाडीलाही अवघड जाईल अशा वाटा. जीपने उसाच्या फडावर डिझेलची पिंपं नेली, बाळंतिणींना तालुक्याला पोचवलं, आणि मधली काही वर्षं वडापही केलं, म्हणजे माणसं भरून भाड्याने नेली. या प्रत्येक कामाने तिचं काही ना काही मोडलं आणि प्रत्येक वेळी जे मिळालं ते बसवून ती पुन्हा उभी राहिली. काकांच्या नंतर ती माझ्याकडे आली. तेव्हापासून तिच्या अंगावरचं मूळचं काय आणि नंतरचं काय, हे ओळखण्याचा मला नाद लागला आहे. ही विद्या आहे, तिच्या खुणा आहेत, तिचे जाणकार आहेत, आणि ते जाणकार आता थकले आहेत. म्हणून तिच्याविषयी सविस्तर लिहावंसं वाटतं.

बाहेरचं ओळखायचं, तर आधी मूळचं म्हणजे काय ते ठरवायला हवं. जीपच्या बाबतीत हे वाटतं तितकं सरळ नाही.

१९४० साली युरोपात युद्ध पेटलेलं असताना अमेरिकी सैन्याने हलकी, चारही चाकांना ताकद देणारी गाडी मागितली. पेनसिल्व्हेनियातल्या बटलर गावच्या बँटम या छोट्या कंपनीने कार्ल प्रॉब्स्ट या अभियंत्याकडून आराखडा करून घेतला आणि ४९ दिवसांच्या मुदतीत, २३ सप्टेंबर १९४० रोजी, पहिली गाडी सैन्याच्या होलाबर्ड तळावर नेऊन उभी केली. पण हजारोंनी गाड्या काढण्याची बँटमची कुवत नव्हती. सैन्याने तो आराखडा विलिस आणि फोर्ड या दोन कंपन्यांपुढे ठेवला. विलिसकडे बार्नी रूस यांनी घडवलेलं ६० अश्वशक्तीचं ‘गो डेव्हिल’ इंजिन होतं. त्या जोरावर १९४१ मध्ये तिला मोठं कंत्राट मिळालं. वर्ष संपण्याआधी फोर्डलाही विलिसच्याच नकाशांवरून तीच गाडी बनवायला सांगण्यात आलं. विलिसच्या गाडीचं नाव एमबी, फोर्डच्या गाडीचं जीपीडब्ल्यू. युद्ध संपेपर्यंत दोघांनी मिळून सहा लाखांहून जास्त गाड्या काढल्या.

आता त्या गाडीत कोणाचं काय होतं ते पाहा. मूळ कल्पना बँटमची. इंजिन विलिसचं. गिअरबॉक्स वॉर्नरचा, ॲक्सल आणि ट्रान्सफर केस स्पायसरची, स्टिअरिंग रॉसचं, कार्बोरेटर कार्टरचा, डायनमो आणि स्टार्टर ऑटो-लाइटचे. आणि ज्या उभ्या फटींच्या जाळीला जग जीपचा चेहरा म्हणून ओळखतं, ती एकाच पत्र्यातून दाबून काढलेली जाळी फोर्डची. विलिसच्या सुरुवातीच्या गाड्यांना लोखंडी पट्ट्या वेल्ड केलेली जाळी होती. फोर्डची स्वस्त आणि हलकी निघाली, तेव्हा विलिसनेही तीच घेतली. म्हणजे सगळ्यांत अस्सल मानली जाणारी जीपसुद्धा अनेक घरांतून आलेल्या भागांची बनलेली आहे. ते भाग एकत्र नांदले, कारण त्यांची मापं एकमेकांना पटत होती. या सगळ्या विद्येचा गाभा मला इथे दिसतो.

सैन्याची अटच अशी होती की विलिसचा भाग फोर्डला बसला पाहिजे आणि फोर्डचा विलिसला. आघाडीवर तुटलेली गाडी उभी करताना कोण कुठल्या कारखान्यातून आलं हे पाहायला सवड नसते. त्यामुळे युद्धातल्या दुरुस्ती तळांवरच या गाड्यांची सरमिसळ झाली. तरी ओळखीच्या खुणा उरल्या. फोर्डने आपल्या बोल्टांच्या डोक्यांवर आणि बऱ्याच सुट्या भागांवर इंग्रजी एफ हे अक्षर उठवलं. चॅसीचा अगदी पुढचा आडवा दांडा विलिसमध्ये गोल नळीचा, तर फोर्डमध्ये उलट्या पन्हळीसारखा. गाडीला रंग कितीही वेळा दिला, तरी तो दांडा बदलत नाही. जाणकार माणूस आधी गुडघ्यावर बसून तोच पाहतो.

जीपचा मुंबईशी संबंध इथून पुढचा. जगदीशचंद्र आणि कैलाशचंद्र महिंद्रा या बंधूंनी मलिक गुलाम मोहम्मद यांच्यासोबत १९४५ मध्ये कंपनी काढली. फाळणीनंतर गुलाम मोहम्मद पाकिस्तानात गेले, तिथले पहिले अर्थमंत्री झाले. इकडे १९४८ मध्ये कंपनीचं नाव महिंद्रा अँड महिंद्रा झालं. विलिसकडून सुट्या स्थितीत आलेल्या जीप माझगावात जोडल्या जाऊ लागल्या. हळूहळू एकेक भाग इथेच बनू लागला आणि कामाचा पसारा कांदिवलीकडे गेला. दुसरीकडे, युद्धानंतर सैन्याच्या जुन्या जीप लिलावात निघून देशभर पसरल्या होत्या. एकाच गॅरेजात आसाम-ब्रह्मदेश आघाडीवरून आलेली फोर्ड आणि माझगावात जोडलेली नवी विलिस शेजारी उभ्या राहू शकत होत्या. एकीचा ॲक्सल दुसरीखाली जाणं ओघानेच आलं.

आपल्याकडे बहुतेकांच्या मनात जी जीप आहे, ती सीजे ३बी. अमेरिकेत ती १९५३ मध्ये आली. तिच्या ‘हरिकेन’ इंजिनात हवा घेणारे व्हॉल्व्ह हेडमध्ये गेल्यामुळे इंजिन उंच झालं आणि ते झाकण्यासाठी बॉनेटही उंच करावं लागलं. सात फटींची जाळी आणि तिच्यावर उभट, चौकोनी बॉनेट, ही तिची खूण. अमेरिकेने १९६८ मध्ये हे मॉडेल बंद केलं. भारतात मात्र त्याच चेहऱ्याच्या गाड्या पुढे कितीतरी वर्षं निघत राहिल्या. चेहरा तसाच राहिला आणि आतलं बदलत गेलं; म्हणून आपल्याकडची जीप ओळखणं अमेरिकेतल्यापेक्षा अवघड आहे. तिथे बॉनेट पाहून दशक सांगता येतं. इथे बॉनेटवर विसंबून चालत नाही.

सर्वांत मोठा बदल इंजिनाचा. १९७३ च्या तेलसंकटानंतर पेट्रोलवर जीप चालवणं सामान्य शेतकऱ्याच्या आवाक्यात राहिलं नाही. महिंद्राने १९७९ मध्ये प्यूजोच्या एक्सडीपी ४.९० या डिझेल इंजिनाचा परवाना घेतला. ४ म्हणजे चार सिलिंडर, ९० म्हणजे बोअर ९० मिलिमीटर, आणि क्षमता २११२ सीसी. पण नवी डिझेल जीप घेणं ज्यांना झेपत नव्हतं, त्यांनी जुन्या पेट्रोल जीपमध्ये डिझेल इंजिन बसवून घेतलं. कोणी मॅटॅडोरचं घातलं, कोणी ट्रॅक्टरचं. गावोगावच्या मिस्त्र्यांनी त्यासाठी इंजिनाचे माउंटिंग कापले, मधल्या प्लेटा लेथवर काढल्या, क्लच जमवले. कुठल्याही पुस्तकात या कामाचे नकाशे नाहीत. ते लोखंडातच कोरलेले आहेत आणि ते वाचायचे तर गाडीखालीच शिरावं लागतं.

वाचनाची सुरुवात पान्यापासून होते. आमच्याकडच्या गॅरेजात इंचाचे आठ भाग करून एका भागाला सूत म्हणतात. तीन सुती बोल्ट, चार सुताचा पाना, ही रोजची भाषा. विलिसच्या वळणाची गाडी सगळी सुतात आहे. अडीच सुती बोल्टाच्या डोक्याला चार सुताचा पाना लागतो, तीन सुतीला साडेचार सुताचा. प्यूजोचं इंजिन मात्र मिलिमीटरमध्ये आहे. त्याला १० चा, १३ चा पाना. गाडीवर पाना फिरवत गेलं की कुठवर सूत चालतं आणि कुठून मिलिमीटर सुरू होतो, ते हाताला कळत जातं. जिथे माप बदलतं, तिथे कधीतरी कोणाचा तरी हात पडलेला आहे.

पान्यापेक्षा बारीक खूण आट्यांची. अडीच सुती बोल्ट आणि आठ मिलिमीटरचा बोल्ट यांच्या जाडीत मिलिमीटरच्या फक्त सोळाव्या हिश्शाचा फरक आहे. डोळ्याला तो दिसत नाही. पण जीपच्या अडीच सुती बारीक आट्यात इंचाला २४ फेरे, आणि आठ मिलिमीटरच्या बोल्टात साधारण २०. असा बोल्ट चुकीच्या भोकात एक-दोन फेरे गोडीने जातो आणि मग अडतो. जोर लावला की दोन्हीकडचे आटे जातात. त्यात आपल्या बाजारात इंग्रजांच्या काळापासून व्हिटवर्थचे नट-बोल्ट भरलेले. चार सुती व्हिटवर्थला इंचाला १२ आटे, अमेरिकी जाड आट्यात १३. शिवाय आट्याचा कोन एकाचा ५५ अंश, दुसऱ्याचा ६०. इतक्या जवळची ही मापं, की गडबडीत कोणाचीही बोटं फसावीत.

कोल्हापूरच्या उद्यमनगरात ज्या मिस्त्र्यांकडे मी हे शिकलो, त्यांची बोटं फसत नाहीत. आमच्या जीपच्या स्प्रिंग पाट्याचा एक नट हातात घेऊन त्यांनी बोल्टावर चढवला आणि लगेच परत काढला.

“ह्यो नट हितला न्हवं. बघा की, बोटानं दोन फेरं जातोय आन् मग आडतोय. कुणीतरी पान्यानं दाबून बसवलाय.”

“मग इतकी वर्षं टिकला कसा, मिस्त्री?”

“टिकला न्हाई, दादा. गंजानं धरलाय त्याला. गंज सुटला की नट सुटला.”

ते ऐकल्यापासून मी कुठल्याही घट्ट बसलेल्या जुन्या नटावर विश्वास टाकत नाही. आधी तेल मारतो, तारेच्या ब्रशने आटे स्वच्छ करतो, थ्रेड गेजची पाती त्यात बसवून बघतो आणि मगच तो नट कोणाचा ते ठरवतो. नट इतकी वर्षं घट्ट आहे एवढ्यावरून तो तिथला ठरत नाही. आट्यांनी आट्यांना धरलेलं असलं पाहिजे.

यापुढे निवाड्याचा भाग येतो. बाहेरून आलेला प्रत्येक भाग काढून टाकायचा नसतो आणि चालतोय म्हणून प्रत्येक भाग ठेवायचाही नसतो. कोणता धोक्याचा आणि कोणता निरुपद्रवी, हे ओळखण्यासाठीच तर ही मेहनत.

सगळ्यांत फसवं प्रकरण ॲक्सलच्या रेशोचं, म्हणजे चाकांच्या एका फेऱ्यासाठी शाफ्ट किती फेरे घेतो त्याचं. युद्धातल्या एमबीचा रेशो ४.८८, क्राउन या मोठ्या चक्राला ३९ दाते, पिनियन या लहान चक्राला ८. नंतरच्या सीजे गाड्यांचा ५.३८, क्राउनला ४३, पिनियनला तेच ८. बाहेरून दोन्ही घरं सारखी, पाट्यांवर बसतातही सारखी. काकांच्या काळात पुढच्या ॲक्सलचं घर तडकलं तेव्हा कोणीतरी लिलावातल्या लष्करी जीपचा ॲक्सल आणून लावला. पुढे ४.८८, मागे ५.३८. आता फोर बाय फोरचा दांडा टाकला की या ट्रान्सफर केसमध्ये पुढचा आणि मागचा प्रोपेलर शाफ्ट एकमेकांशी बांधले जातात. दोघांना सारखेच फेरे घ्यावे लागतात. पण तेवढ्याच फेऱ्यांत पुढची चाकं मागच्यांपेक्षा दहा टक्के जास्त फिरू पाहतात. चिखलात हा तंटा मिटून जातो, कारण चाकं घसरतात. डांबरी रस्त्यावर चाकांना घसरायला वाव नसतो. मग टायर घासतात, दात्यांवर ताण चढत जातो, दांडा काढू म्हटलं तर निघत नाही, आणि गाडी थोडी मागे घेतली की खटकन सुटतो. आमची जीप बहुतेक चिखलातच राबली, म्हणून हा दोष इतकी वर्षं लपून राहिला.

तो ओळखण्यासाठी ॲक्सल उघडावा लागत नाही. गिअर न्यूट्रलला ठेवायचा आणि हँडब्रेक सोडायचा, कारण जुन्या जीपचा हँडब्रेक चाकांवर नसतो, ट्रान्सफर केसच्या मागे शाफ्टवर असतो. गाडी हलू नये म्हणून जमिनीवरच्या चाकांना ठोकळे लावायचे. मागचं एक चाक जॅकवर उचलायचं. टायरवर आणि प्रोपेलर शाफ्टवर खडूची रेघ मारायची. उचललेलं चाक बरोबर दोन फेरे फिरवायचं आणि शाफ्टचे फेरे मोजायचे. दुसरं चाक जमिनीवर स्थिर असल्यामुळे चाकाचे दोन फेरे म्हणजे क्राउनचा एक. शाफ्ट पाचाला किंचित कमी फिरला तर ४.८८, पाच पुरे करून फेऱ्याच्या तिसऱ्या हिश्शाहून थोडा पुढे गेला तर ५.३८. मग पुढच्या ॲक्सलला हेच करायचं. एक खडू आणि एक जॅक, बाकी काही लागत नाही. जुनी जीप घेणाऱ्या प्रत्येकाने पैसे देण्याआधी एवढं करावं.

ब्रेकचंही असंच. विलिसच्या जुन्या जीपला पुढच्या चाकांचे व्हील सिलिंडर एक इंची, मागच्यांचे पाऊण इंची. दिसायला जवळपास सारखे. घाईत कोणी मागचा सिलिंडर पुढे एका बाजूला बसवला, तर त्या बाजूचा जोर खूप उतरतो. जोर व्यासाच्या वर्गावर ठरतो, त्यामुळे एक इंचीचा जोर पाऊण इंचीच्या पावणेदोन पटींहूनही थोडा जास्त भरतो. ब्रेक दाबला की गाडी एकीकडे ओढते. गगनबावड्याहून कोकणात उतरणाऱ्या घाटात असं ओढणं म्हणजे काय, हे तो घाट उतरलेल्याला सांगायला नको. इथे जुगाडाचं कौतुक करायला जागा नाही. सिलिंडर उघडून माप घ्यायचं आणि चुकीचा असेल तर त्याच दिवशी बदलायचा.

चाकांच्या नटांची गोष्ट अनेकांना माहीत नसते. जुन्या विलिस जीपच्या डाव्या बाजूच्या चाकांना उलटे आटे असतात. चाकाच्या फिरण्याने नट सैल होऊ नये म्हणून केलेली ही योजना. अशा स्टडच्या टोकावर बऱ्याचदा इंग्रजी एल कोरलेला सापडतो. पुढे ही पद्धत बंद पडली. डाव्या बाजूला पुढे उलटे आटे आणि मागे सरळ आटे दिसले, तर बहुधा एक हब बदललेला आहे असं समजावं. हा भाग स्वतः धोक्याचा नाही. अज्ञान धोक्याचं आहे. पंक्चर काढणारा मुलगा सवयीने नट डावीकडे फिरवतो, निघत नाही म्हणून पान्याला पाइप लावतो आणि स्टड मोडतो. अशा चाकाशेजारी रंगाने बाण काढून ठेवला, तर तो हब आणखी कितीतरी वर्षं सुखाने चालेल.

ट्रान्सफर केसच्या पोटात दडलेली एक खूण मला फार आवडते. तिच्यातल्या मधल्या गिअरचा दांडा युद्धकाळात पाऊण इंच जाडीचा होता. अनुभवातून तो वाढत गेला आणि पुढच्या गाड्यांत सव्वा इंचाचा झाला. सुताच्या भाषेत सहाचा दहा झाला. कुठलाही कागद नसला तरी त्या दांड्याच्या जाडीवरून केस आधीची की नंतरची ते सांगता येतं. कंपनी कुठे कमी पडली आणि कशी शिकली, याची नोंद त्या लोखंडात आहे.

निरुपद्रवी पाहुणेही पुष्कळ आहेत. आमच्या जीपचा डायनमो ॲम्बॅसेडरचा आहे. सहा व्होल्टची वायरिंग केव्हाच गेली, बारा व्होल्टची आली. मागचं फळकं उद्यमनगरात पत्रा वाकवून केलेलं. बाकांच्या खालच्या नळ्या वडापाच्या काळात वेल्ड केलेल्या. त्यांची लांबी पाहिली की किती माणसं बसवायचा बेत होता ते कळतं. यातलं काहीही मूळचं नाही आणि काहीही काढून टाकावं असं मला वाटत नाही. ते आपापलं काम करतात, कोणाला इजा करत नाहीत, आणि आमच्या भागातली जीप काय काय करत होती याचा पुरावा देतात.

अलीकडे जुन्या जीप उजळवण्याचं वेड वाढलं आहे आणि त्याचा मला आनंद आहे. पण त्या वेडात एक घाई आहे. गाडी सोडवली जाते, बाहेरचं दिसणारं सगळं भंगारात जातं, त्या जागी नवे भाग येतात आणि गाडी आता अस्सल झाली असं समाधान मानलं जातं. प्रत्यक्षात एफ अक्षराचे बोल्टही आता नव्याने तयार होऊन मिळतात. फिलिपिन्समध्ये युद्धकाळातल्या जीपची संपूर्ण बॉडी नवी घडवून विकली जाते. त्यांत वाईट काही नाही. पण नव्याने कोरलेलं अक्षर हा पुरावा नव्हे. खुणेवर विसंबायचं तर आजूबाजूची साक्षही पाहावी लागते: गंजाचे थर, रंगाचे थर, वर्षानुवर्षं एकमेकांवर घासून झालेली झीज. जोडीने झिजलेले दोन भाग एकत्र राहिलेले असतात. एक झिजलेला आणि एक कोरा असेल, तर एक नंतर आला.

युद्धातली खरीखुरी एमबी किंवा जीपीडब्ल्यू कोणाच्या गोठ्यात निघाली, तिचा आडवा दांडा, नऊ फटींची जाळी आणि इंजिनावर उजेड पाडण्यासाठी मागे उलटणारे हेडलाइट शाबूत असतील, तर ती जशी होती तशी करण्याला माझा पूर्ण पाठिंबा आहे. ती इतिहासाची वस्तू आहे. पण महाराष्ट्राच्या गावांतून चाळीस-पन्नास वर्षं राबलेली जीप हीदेखील इतिहासाचीच वस्तू आहे. तिच्यातलं ट्रॅक्टरचं इंजिन डिझेल-पेट्रोलच्या भावांबद्दल सांगतं. लेथवर काढलेली प्लेट त्या गावात किती हुशार हात होते ते सांगते. तिला अमेरिकेतल्या एखाद्या सालात परत नेणं म्हणजे तिची इथली सगळी वर्षं पुसणं. सुरक्षिततेसाठी जे बदलायला हवं ते निर्दयपणे बदलावं. बाकीच्याला आधी ओळख द्यावी आणि मग त्याचं काय करायचं ते ठरवावं.

मी एक वही केली आहे. प्रत्येक भागापुढे तो कुठल्या गाडीचा, माप सुतात की मिलिमीटरमध्ये, कोणत्या खुणेवरून ओळखला आणि ठेवायचा की बदलायचा, एवढं लिहितो. पुढचा ॲक्सल बदलला, आता दोन्हीकडे ५.३८ आहे. जुना ४.८८ चा ॲक्सल रंग देऊन, त्याच्यावर चिठ्ठी बांधून ठेवला आहे. एखाद्या एमबीवाल्याला तोच हवा असेल. आमच्या जीपमध्ये नंतर बसवलेल्या डिझेल इंजिनाची नोंद आर.सी. बुकात आहे की नाही तेही पाहिलं, कारण मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे असा बदल परवानगीने आणि नोंदीने व्हावा लागतो.

ज्यांच्या दारात जुनी जीप उभी आहे, त्यांना माझी विनंती आहे. ती विकण्याआधी, उजळवण्याआधी, भंगारवाल्याला दाखवण्याआधी तिच्याखाली एकदा शिरा. खडू, जॅक, सुताचे पाने आणि एक वही घ्या. रेशो मोजा, ब्रेकचे सिलिंडर मोजा, डाव्या चाकांचे आटे पाहा. आणि ज्या मिस्त्र्यांनी ती कधीकाळी उभी केली, ते हयात असतील तर त्यांना घरी बोलवा, चहा द्या आणि विचारा की हे तुम्ही का आणि कसं बसवलंत. ते सांगतील ते त्यांच्याच शब्दांत उतरवून घ्या. भाग बाजारात आजही मिळतात, उद्याही मिळतील. ही माहिती फक्त त्या माणसांकडे आहे.